वाचकाचं काम होईल असं माहितीपर पुस्तक कसं लिहावं

वडील वारल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायची असतात, तेव्हा घरात काय चाललेलं असतं ते आठवून पाहा. तेरावं होऊन महिना-दोन महिने झालेले असतात. आई अजून फारशी बोलत नाही. मुलगा ठाण्यात नोकरीला, त्याला रजा दोन दिवसांची. बहीण लग्न होऊन बार्शीला. गावात कुणी म्हणतं, आधी वाटप करून घ्या. कुणी म्हणतं, बहिणीची हक्कसोड आणा, मगच नाव चढेल. कपाटात कागदांची एक पिशवी असते आणि तिच्यात काय आहे ते फक्त वडिलांना ठाऊक होतं.

हा मुलगा दुकानात जाऊन जमीनविषयक कायद्याचं पुस्तक घेतो. पहिलं प्रकरण जमीन महसुलाच्या इतिहासाचं, मलिक अंबरापासून सुरू होणारं. दुसरं व्याख्यांचं. वारस नोंद शंभर पानांच्या पुढे कुठेतरी, तीही कलमाच्या भाषेत. पुस्तकात चूक एकही नसते. तरी तो ते मिटून ठेवतो आणि एजंटाला फोन लावतो.

त्या मुलाच्या हाती काय पडायला हवं होतं, या प्रश्नावर मी बरीच वर्षं काढली आहेत. या लेखात हेच एक पुस्तक, म्हणजे ‘शेतजमिनीची वारस नोंद’, उदाहरण म्हणून सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतो. तुमचा विषय गांडूळखताचा असेल, मधुमेहातल्या आहाराचा किंवा सोसायटीच्या हिशेबाचा असेल, पायऱ्या याच लागतील.

१. वाचक एक, प्रसंग एक

‘शेतकरी, वकील, विद्यार्थी आणि जिज्ञासू, सर्वांना उपयुक्त’ असं मलपृष्ठावर छापलेलं पुस्तक यांतल्या कुणालाच पुरत नाही. वकिलाला निवाडे हवेत, विद्यार्थ्याला परीक्षेची उत्तरं हवीत आणि आपल्या मुलाला सोमवारी सकाळी कुठे जायचं ते हवं.

म्हणून पहिल्या दिवशी एका वहीत दोन वाक्यं लिहा. पहिलं, पुस्तक हातात घेताना वाचक कुठे उभा आहे: ‘वडील वारले, सातबारा त्यांच्या नावावर, वारसांमध्ये भांडण नाही, पण काय करायचं ते कुणालाच ठाऊक नाही.’ दुसरं, पुस्तक संपल्यावर त्याला काय करता येईल: ‘सर्व वारसांची नावं मध्यस्थाविना लावून घेता येतील आणि लागलेली नोंद बरोबर आहे का ते तपासता येईल.’

मग तिसरी गोष्ट, एक यादी करा: या पुस्तकात काय नाही. शहरातलं प्रॉपर्टी कार्ड नाही, मृत्युपत्रावरचे वाद नाहीत, कोर्टातलं वाटप नाही. ही यादी स्वतःजवळ ठेवू नका, पुस्तकाच्या पहिल्या पानांत छापा. ज्याचा प्रश्न वेगळा आहे त्याने पैसे घालवून निराश होण्यापेक्षा दुकानातच पुस्तक परत ठेवलेलं बरं.

२. लिहिण्याआधी दहा-पंधरा जणांचं ऐका

‘असं पुस्तक आलं तर घ्याल का?’ हा प्रश्न विचारू नका. आपल्याकडे माणसं समोरच्याचं मन मोडत नाहीत. सगळे ‘हो, हो, फार गरज आहे’ म्हणतील आणि तुम्हाला काही कळणार नाही.

घडून गेलेल्या गोष्टी विचारा. पहिल्या दिवशी कुठे गेलात? कोणता कागद कमी पडला? किती हेलपाटे झाले? कुणी काय चुकीचं सांगितलं? कुठे वाटलं की आता सोडून द्यावं? तलाठी कार्यालयाच्या ओट्यावर, सेतू केंद्राच्या रांगेत, मुद्रांक विक्रेत्याच्या टेबलाशी तास-दोन तास बसलात तर जे कळतं ते ग्रंथालयात कळत नाही.

आणि लोकांचे शब्द जसेच्या तसे टिपा. कायदा ‘फेरफार नोंद प्रमाणित करणे’ म्हणतो. लोक ‘नाव चढलं’, ‘नोंद मंजूर झाली’ म्हणतात. कायद्यात ‘इतर अधिकार’, लोकांच्या तोंडी ‘बोजा’. तुमच्या प्रकरणांची नावं या दुसऱ्या शब्दांत हवीत, कारण वाचक अनुक्रमणिकेत तेच शब्द शोधतो.

याच बोलण्यांत एक महत्त्वाची गोष्ट सापडते. विचारलेला प्रश्न आणि खरी अडचण पुष्कळदा वेगळी असते. ‘अर्जाचा नमुना द्या’ असं सगळे म्हणतात. दहा मिनिटं बोलल्यावर कळतं की अर्ज कुणीही लिहून देतं. अडतं ते सातबारा वाचता येत नाही म्हणून. आपल्या जमिनीचे गट किती, आजोबांचं नाव अजून कुठे राहिलंय का, हेच माहीत नसतं. म्हणजे पुस्तकाची बरीच पानं अर्जाच्या आधी खर्च व्हायला हवीत.

३. अनुक्रमणिका वाचकाच्या वाटेने लावा

तज्ज्ञ माणूस विषय जसा शिकला तसा सांगतो: इतिहास, व्याख्या, तत्त्व, शेवटी वापर. वाचकाची वाट याच्या उलटी असते. आपल्या पुस्तकाची प्रकरणं मी अशी लावीन:

पिशवीतले कागद: काय आहे, काय आणायचं
सातबारा आणि आठ-अ (खात्याचा उतारा) कसा वाचायचा
वारस कोण कोण
अर्ज, आणि त्याची पोच
नोंद धरली, आता काय होतं
हरकत आली तर
नोंद मंजूर झाली: हे पाच ठिकाणी तपासा
नाव लागल्यावरचे प्रश्न: वाटप, कर्ज, विक्री

इतिहासाला यात जागा नाही. मलिक अंबराची जमाबंदी मला स्वतःला फार आवडते, पण तिच्यासाठी वेगळं पुस्तक लिहावं.

पहिल्या दहा पानांत वाचकाच्या हाती काहीतरी पडलं पाहिजे. इथे ते सहज जमतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसाने हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. हे पहिल्याच पानावर सांगा, आणि लगेच पुढच्या ओळीत हेही सांगा की मुदत उलटली म्हणून हक्क जात नाही, नोंद तरीही होते. हे दुसरं वाक्य वाचून कितीतरी जणांचा जीव भांड्यात पडेल. नोंदी राहून गेलेली घरं गावोगाव आहेत.

४. आधी तोंडी शिकवा

ही पायरी बहुतेक लेखक गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त वेळ हीच वाचवते. अनुक्रमणिका झाली की लिहायला बसू नका. तीन-चार माणसं घरी बोलवा, प्रत्येकाला आपापला सातबारा आणायला सांगा आणि प्रकरण बोलून दाखवा. हातात टिपण ठेवू नका.

कुठे चेहरे कोरे पडतात ते पाहा. ‘क्षेत्र ०.८१.००’ म्हटल्यावर पडतातच. हेक्टर, आर, चौरस मीटर हा क्रम सांगूनही माणसाला आपली जमीन दिसत नाही. पण ‘८१ आर म्हणजे साधारण ८० गुंठे, म्हणजे दोन एकर’ म्हटलं की तो मान हलवतो, कारण बापाच्या तोंडून त्याने ‘आपलं दोन एकर’ हेच ऐकलेलं असतं. असं एक वाक्य सापडलं की ते तसंच पुस्तकात जायला हवं. बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. लिहिताना भाषा जड व्हायला लागली की ते ऐका.

५. प्रकरण लिहिताना

सरकारी पत्रकात असं वाक्य असतं: ‘खातेदार मयत झाल्यास वारसांनी विहित मुदतीत संबंधित प्राधिकाऱ्याकडे वर्दी द्यावी.’ यातला प्रत्येक शब्द बरोबर आहे. वाचकाच्या कामाचं मात्र यात काहीच नाही. तेच असं लिहून पाहा:

‘मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावं-वयं-पत्ते, वडिलांच्या नावावरच्या प्रत्येक गटाचा सातबारा आणि आठ-अ, वारसांबद्दलचं स्वयंघोषणापत्र किंवा शपथपत्र, एवढं घेऊन तलाठ्याकडे जा. अर्जाची एक प्रत जास्त न्या आणि तिच्यावर तारीख, सही, शिक्का घ्या. सरकारी भाषेत या अर्जाला वर्दी म्हणतात. फॉर्मवर हा शब्द दिसला तर गोंधळू नका.’

दुसऱ्या उताऱ्यात सरकारी शब्द टाकून दिलेला नाही. तो एकदा ओळख करून देऊन ठेवला आहे, कारण खिडकीपलीकडचा माणूस तोच शब्द वापरणार आहे. मराठीत माहितीपर लिहिणाऱ्यांची इथे दोन टोकं होतात. काही जण शासकीय परिभाषेत बुडतात, काही जण सोपं करण्याच्या भरात असे शब्द घडवतात की वाचक कार्यालयात गेल्यावर मुका होतो. लोकांचा शब्द आणि कागदावरचा शब्द दोन्ही द्या.

कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली आलेल्या ‘रुचिरा’त प्रमाण वाटी-चमच्याने दिलेलं आहे. नवख्या मुलीच्या ओट्यावर तराजू नसतो, वाटी असते. आपल्या विषयातली ‘वाटी’ कोणती, हे प्रत्येक प्रकरणाआधी स्वतःला विचारत जा. जमिनीत ती गुंठा आहे. शेतीच्या पुस्तकात फवारणीचा पंप किंवा डबा असेल.

प्रत्येक कृतीनंतर तीन गोष्टी यायलाच हव्यात: किती वेळ लागतो, झालं हे कसं ओळखायचं, आणि नाही झालं तर काय. नोंद धरली हे कसं ओळखायचं? गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या वहीत, नोंदीला क्रमांक मिळतो. तो क्रमांक मागून घ्या. मग हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो आणि त्यानंतर सातबारा बदलतो. हे एका दमात समजलं की वाचक पंधरा दिवसांत पाच फोन करत नाही आणि तीन महिने गप्पही बसत नाही.

६. चुकीच्या समजुतींना जागा द्या

ज्या विषयात पैसा, शरीर किंवा नातं गुंतलेलं असतं त्यात वाचक कोरी पाटी घेऊन येत नाही. त्याच्या डोक्यात आधीच काहीतरी पक्कं बसलेलं असतं. ते बाहेर काढल्याशिवाय तुमचं बरोबर वाक्यही आत जात नाही.

वारस नोंदीत अशा तीन समजुती घट्ट आहेत. एक, सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली. सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा वाद दिवाणी न्यायालयात ठरतो. दोन, वारस नोंद म्हणजे वाटप. नोंदीने फक्त नावं लागतात, कुणाचा तुकडा कुठला ते ठरत नाही, त्यासाठी वेगळी प्रक्रिया आहे.

तिसरी सर्वांत नुकसान करणारी: लग्न झालेल्या मुलीचं नाव लावायचं नसतं, किंवा लावायच्या आधी तिने हक्क सोडायचा असतो. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी मुलाप्रमाणेच जन्माने सहदायाद, म्हणजे हिस्सेदार, झाली. वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत असं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. वडिलांच्या स्वकष्टार्जित जमिनीतही, मृत्युपत्र नसेल तर, ती १९५६ च्या मूळ कायद्यापासूनच पहिल्या वर्गातली वारस आहे. विवाहित असो वा नसो. हक्कसोडपत्र तिने स्वखुशीने केलं तर ते नोंदणीकृत असावं लागतं, आणि वारस नोंदीसाठी ते मुळीच आवश्यक नाही.

इथे लेखकाने कच खाऊ नये. पुस्तक बहुधा भाऊ विकत घेईल, हे मला माहीत आहे. तरी हे प्रकरण लिहिताना मी बार्शीच्या बहिणीला समोर बसवतो. तिने ते वाचलं तर तिची फसवणूक झाल्यासारखं तिला वाटता कामा नये. वाचकाला जे हवंसं वाटतं आणि ज्याची त्याला गरज आहे, यांत फरक पडला तर गरजेच्या बाजूने उभं राहावं लागतं.

७. नासणारी माहिती वेगळी ठेवा

पुस्तकातली काही वाक्यं वीस वर्षं टिकतात, काही दोन वर्षांत खोटी ठरतात. तलाठी हे पदनाम बदलून आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याला १५ रुपये शुल्क आहे, उद्या बदलू शकतं. ई-हक्क या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरून अर्ज करता येतो, तिथली बटणं कधीही हलू शकतात.

अशी प्रत्येक गोष्ट प्रकरणाच्या मजकुरातून उचलून शेवटच्या एका परिशिष्टात ठेवा. वर ‘अमुक महिन्यात तपासलेली माहिती’ असं छापा आणि ती ताजी कशी करायची तेही एका ओळीत सांगा. मजकुरात ‘शुल्क परिशिष्टात पाहा’ एवढंच. दुसऱ्या आवृत्तीत मग दोनच पानं बदलावी लागतात. संकेतस्थळाच्या पडद्यांची चित्रं छापायचा मोह टाळा. ती सर्वांत आधी जुनी होतात आणि वाचकाचा उरलेल्या पुस्तकावरचाही विश्वास घालवतात.

खातरजमा मूळ कागदावरूनच करा: अधिनियमाचा मजकूर, शासन निर्णय, निवाडा. दुसऱ्या पुस्तकावरून घेतलेलं कलम त्यातल्या छपाईच्या चुकीसकट तुमच्याकडे येतं. कायद्याचा मजकूर भाष्यासह छापायला प्रताधिकार आड येत नाही. कुणा लेखकाने केलेलं त्याचं स्पष्टीकरण मात्र उचलता येत नाही. आणि हस्तलिखित दोघांनी तपासलंच पाहिजे: एक या विषयातला वकील, दुसरा प्रत्यक्ष नोंदी मंजूर केलेला निवृत्त महसूल अधिकारी. वकील चुकीचं वाक्य पकडतो. अधिकारी ‘हे बरोबर आहे, पण असं होत नाही’ हे पकडतो, आणि वाचकाला दोन्हींची गरज असते.

८. अर्धवट हस्तलिखित लोकांच्या हाती द्या

पूर्ण, नीटनेटकं, बांधलेलं हस्तलिखित दिलंत तर लोक शुद्धलेखन सुधारून परत देतात. कच्च्या प्रती द्या, एका बाजूला छापलेल्या, रुंद समास सोडलेल्या, आणि सोबत पेन्सिल. तीनच खुणा सांगा: समजलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, कंटाळा आला तिथे आडवी रेघ, कामाला आलं तिथे बरोबरची खूण.

वाचक असे निवडा ज्यांचं हे काम आत्ता अडलेलं आहे. शिकलेले मित्र, नातेवाईक कामाचे नाहीत. ते तुमच्यासाठी वाचतात. पाच जण पुरतात. दुरुस्ती केल्यावर पुढच्या पाच जणांना द्या, ते नवे हवेत, कारण पहिल्यांच्या डोक्यात तुमची स्पष्टीकरणं बसलेली असतात.

आडव्या रेघांकडे प्रश्नचिन्हांइतकंच लक्ष द्या. लागोपाठ तिघांनी एकाच पानावर रेघ मारली असेल तर ते पान तुम्हाला कितीही प्रिय असो, काढा. आणि एखाद्यासोबत खरोखर कार्यालयात जा. बोलू नका, फक्त तो पुस्तकातलं कोणतं पान कधी उघडतो ते पाहा. माझ्या एका पुस्तिकेत कागदांची यादी तीन प्रकरणांत विखुरलेली होती. एक काकू खिडकीसमोर उभ्या राहून पानं उलटत राहिल्या आणि मागच्या माणसाने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. मी लिहिलेल्या पानांमुळे त्यांची पाळी गेली. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक पुस्तकात सर्व कागदांची यादी एकाच पानावर, आतल्या मुखपृष्ठावर असते.

९. जाडी, सूची, छपाई

अशा पुस्तकाला डेमी या नेहमीच्या पुस्तकी आकारातली सव्वाशे पानं पुरेत. सोळा पानी फर्म्याचा, म्हणजे एका कागदावर छापून घडी घातलेल्या सोळा पानांचा, हिशेब धरला तर आठ फर्मे, १२८ पानं. जाड पुस्तक विद्वत्तेचं वाटतं, पण ते पिशवीतून कार्यालयात नेलं जात नाही.

शेवटी सूची हवीच. मराठी पुस्तकांत ती बहुधा नसते, आणि कामाच्या पुस्तकात ती नसणं हा वाचकावर अन्याय आहे. ‘बोजा’, ‘वर्दी’, ‘पोटखराबा’, ‘अज्ञान (अल्पवयीन) वारस’, ‘सावत्र भाऊ’, असे लोकांचे आणि कागदावरचे दोन्ही शब्द तिच्यात असावेत. ती शेवटच्या मुद्रितावरून करा, पानं पक्की झाल्यावरच.

सातबाऱ्याचा नमुना डेमी पानावर दाबून बसवला तर आकडे वाचता येत नाहीत. तो समोरासमोरच्या दोन पानांवर घ्या, डावीकडे नमुना सात, उजवीकडे नमुना बारा, आणि प्रत्येक रकान्याला क्रमांक देऊन खाली अर्थ लिहा. नमुन्यातली नावं, गट क्रमांक काल्पनिक घ्या. कुणाचा खरा उतारा छापू नका.

मजकूर युनिकोडमध्ये टंकला असेल आणि मांडणीकार श्रीलिपी या वेगळ्या टंक-प्रणालीत काम करत असेल तर रूपांतरानंतर जोडाक्षरं आणि रफार पुन्हा अक्षर न् अक्षर तपासा. आकडे मूळ प्रतीशी दोघांनी मिळून ताडावेत, एकाने वाचायचं, दुसऱ्याने पाहायचं. कलम १४९ चं १९४ झालं तर मुद्रितशोधकाला ते कळणार नाही. स्वतः प्रकाशित करणार असाल तर आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, आणि १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवायची असते.

पहिली छपाई तीनशे प्रतींपेक्षा जास्त करू नका. कितीही तपासलं तरी खऱ्या चुका पुस्तक वापरणाराच दाखवतो. शेवटच्या पानावर पत्ता द्या, ‘काम कुठे अडलं ते कळवा’ असं स्पष्ट लिहा, आणि आलेला प्रत्येक निरोप पानाच्या क्रमांकासह एका वहीत उतरवा. दुसरी आवृत्ती त्या वहीतून होते.

माझ्याकडे अशाच एका पुस्तिकेची परत आलेली प्रत आहे. वाचकाने शेवटच्या कोऱ्या पानावर स्वतःच रेघा मारून रकाने केले होते: अर्ज दिला ती तारीख, पोच, फेरफार क्रमांक, नोटीस, मंजुरी. पाचही रकाने भरलेले होते. पुढच्या आवृत्तीत मी तो तक्ता छापून घेतला, आणि शेवटी ठेवण्याऐवजी मधल्या फर्म्याच्या शिवणीवर आणला, म्हणजे पुस्तक टेबलावर ठेवलं की तिथेच उघडतं आणि लिहिताना हाताने दाबून धरावं लागत नाही.